पात्रता आहे, पण लीगल एडचे काम घेणारी फर्म मिळत नाही (इंग्लंड)

प्रश्न : रानजाई

नमस्कार. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, किंवा तेथील कोर्टकचेऱ्यांशी कधी ना कधी संबंध आलेल्या सभासदांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न माझा नाही, माझ्या मैत्रिणीचा आहे. तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळून मी तो येथे मांडत आहे.

मैत्रीण नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर अवलंबून असलेली जोडीदार म्हणून येथे आली. मारहाण आणि सततचा धाक असह्य झाल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घराबाहेर पडली आणि सध्या माझ्याकडे राहते. तिला अर्धवेळ नोकरीतून महिन्याला सुमारे ९०० पौंड मिळतात, बचत जवळजवळ नाही. भारतात नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर एक फ्लॅट आहे. पोलिसांकडे एकदा तक्रार नोंदवलेली आहे आणि जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) कागदपत्रांतही दुखापतीची नोंद आहे. आता नवऱ्याच्या सॉलिसिटरचे (वकिलाचे) पत्र आले असून, मुलीला परत पाठवले नाही तर कोर्टात अर्ज करू, असे त्यात म्हटले आहे.

सरकारी संकेतस्थळावरची प्रश्नावली भरून पाहिली, तेव्हा तिला लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकिलाची मदत, मिळण्याची शक्यता आहे असे उत्तर आले. आम्हाला हायसे वाटले, कारण अवघड भाग संपला अशी आमची समजूत झाली. त्यानंतर आठ दिवसांत मी सॉलिसिटरांच्या अकरा फर्मना फोन केले. चार ठिकाणी सांगण्यात आले की लीगल एडचे काम त्यांनी बंद केले आहे, वास्तविक सरकारी यादीत त्यांची नावे अजून आहेत. तीन फर्मकडे नवीन प्रकरण घ्यायला माणूस नव्हता. दोघांनी तपशील लिहून घेतला, पण परत फोन केला नाही. एका फर्मने सहा आठवड्यांनंतरची वेळ दिली, आणि एकीने अत्यंत सौजन्याने सांगितले की खाजगी ग्राहक म्हणून उद्याच भेटता येईल, दर तासाला २५० पौंड अधिक व्हॅट.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सरकार पैसे देत असताना फर्म काम का नाकारतात? फर्म आपल्याच भागातली असली पाहिजे का? आणि मैत्रिणीच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट आहे. लीगल एड घेतल्याने त्या अटीचा भंग होऊन पुढे व्हिसाला अडचण येईल का? या तिसऱ्या भीतीमुळे ती मुळात फोन करायलाही तयार नव्हती.

प्रतिसाद १ : पैलतीर

रानजाई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण या भीतीमुळे गप्प बसलेल्या अनेक स्त्रिया मी पाहिल्या आहेत. लीगल एड हा इमिग्रेशनच्या नियमांतील ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही. त्या नियमांत कोणते लाभ सरकारी निधी समजायचे याची यादीच दिलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, गृहनिर्माणाची मदत अशी नावे तीत आहेत, लीगल एडचे नाव नाही. त्यामुळे तो घेतल्याने व्हिसाच्या अटीचा भंग होत नाही. काही वर्षांपूर्वी, ठरावीक काळ कायदेशीर वास्तव्य केलेल्यांनाच लीगल एड द्यावा अशी अट घालण्याचा प्रयत्न सरकारने केला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. तुमच्या मैत्रिणीला हे दोन मुद्दे आजच सांगा.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षे अशा एका फर्ममध्ये केसवर्कर होतो, त्यामुळे जे लिहीत आहे ते फोनच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलेले आहे.

लोकांचा सर्वसाधारण समज असा असतो की लीगल एड ही आरोग्यसेवेसारखी सरकारने चालवलेली सेवा आहे. तसे ते नाही, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये ही योजना उभी केली तेव्हा सरकारने वकील नोकरीवर ठेवले नाहीत. खाजगी सॉलिसिटरांनी नेहमीप्रमाणे काम करावे आणि बिल सार्वजनिक पैशातून चुकते व्हावे, असे ठरले. योजनेचा कारभारसुद्धा सुरुवातीला सॉलिसिटरांच्याच संस्थेकडे, म्हणजे लॉ सोसायटीकडे होता. म्हणजे नागरिकाला मिळाला तो खर्च भागवला जाण्याचा अधिकार. काम करणारी फर्म त्याच्या आसपास असेलच, याची हमी त्यात कोणी दिलेली नव्हती. दर परवडत होते आणि गल्लोगल्ली फर्म होत्या तोवर हा फरक कोणाच्या लक्षातही आला नाही.

दर परवडेनासे झाले, तसा तो लक्षात येऊ लागला. दिवाणी लीगल एडचे दर १९९६ नंतर जवळजवळ तीन दशके रोख रकमेत वाढलेच नाहीत. उलट २०११-१२ मध्ये त्यांत १० टक्के कपात झाली. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात नोंदवले आहे की महागाई लक्षात घेता हे दर २८ वर्षांपूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आले आहेत. घरांच्या प्रकरणांतील (घर रिकामे करण्याची नोटीस वगैरे) प्राथमिक सल्ल्याचे उदाहरण घ्या. त्यासाठी वर्षानुवर्षे १५७ पौंड ही ठोक रक्कम मिळत असे, मग काम तीन तासांचे होवो वा आठ तासांचे; झालेले काम त्या रकमेच्या तिपटीच्या पुढे गेले तरच तासाच्या हिशेबाने पैसे मागता येत. शिवाय लीगल एडच्या ग्राहकाकडून फर्मला वरचे पैसे घेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु भाडे, विमा, पगार, तपासणीसाठी ठेवायच्या फायली हे सर्व त्या १५७ पौंडांतूनच भागवायचे असते. आमच्या फर्मच्या भागीदारांनी घरांची शाखा बंद केली तेव्हा मला त्यांचा राग आला होता. नंतर हिशेबाची वही पाहिली आणि तो राग फार काळ टिकला नाही.

सरकारने २०२४ च्या अखेरीस घरांच्या आणि इमिग्रेशनच्या कामांसाठी दरवाढ जाहीर केली. तासाला साधारण ६५ पौंड, लंडनमध्ये सुमारे ६९, किंवा १० टक्के वाढ, यांपैकी जे अधिक असेल ते. पण एकदा गेलेली शाखा दर वाढले म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही. त्या विषयात पर्यवेक्षक म्हणून पात्र असलेला अनुभवी सॉलिसिटर असल्याशिवाय करार मिळत नाही, आणि असे सॉलिसिटर तयार व्हायला वर्षे लागतात. तरुण मुले कर्ज काढून शिकतात, ती या शाखेकडे कशाला वळतील?

याला आणखी एक कारण जोडले गेले. लॅस्पो या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा २०१२ चा कायदा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला आणि त्याने नोकरीविषयक वाद, कल्याणकारी लाभांची बहुतेक प्रकरणे, बरीचशी कर्जप्रकरणे, आश्रय वगळता बहुतांश इमिग्रेशन, आणि घटस्फोट व मुलांच्या ताब्यासारखे बहुतेक खाजगी कौटुंबिक वाद (हिंसाचाराचा पुरावा नसेल तर) योजनेबाहेर काढले. पूर्वी एखादी फर्म चार विषय मिळून आपला गाडा ओढत असे. त्यांतले तीन गेल्यावर चौथ्यासाठी कार्यालय चालवणे अवघड होते. म्हणून जो विषय योजनेत शिल्लक आहे, त्याच्याही फर्म कमी झाल्या. लॉ सोसायटी याचे नकाशे प्रसिद्ध करते. घरांच्या विषयात तर लोकसंख्येच्या ४० टक्क्यांहून अधिक लोक अशा स्थानिक प्राधिकरणांच्या हद्दीत राहतात, जेथे लीगल एडचा एकही पुरवठादार नाही.

यादी आणि वास्तव यांतील तफावतीबद्दल सांगायचे तर, त्या यादीत, ही योजना चालवणाऱ्या लीगल एड एजन्सीशी करार असलेली कार्यालये असतात. करार विषयवार असतो, आणि वर्षाला किती नवी प्रकरणे घ्यायची हेही त्यात ठरलेले असते. एखादी फर्म करार सोडत नाही, पण त्या विषयातला एकमेव माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. यादीवर तिचे नाव तसेच राहते. त्यात एप्रिल २०२५ मध्ये एजन्सीच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाल्याचे उघड झाले, मे महिन्यात ऑनलाइन व्यवस्था बंद ठेवावी लागली आणि फर्मना दीर्घकाळ पर्यायी पद्धतींनी काम रेटावे लागले. आधीच काठावर असलेल्या काही कार्यालयांनी त्या काळात नवीन काम घेणे थांबवले, असे माझे जुने सहकारी सांगतात.

तरीही तुमच्या मैत्रिणीची बाजू बरीच बळकट आहे. कौटुंबिक शाखेत घरांच्या किंवा इमिग्रेशनच्या मानाने फर्म जास्त आहेत. फोन करताना एक बदल करून पाहा. ‘तुम्ही लीगल एड करता का’ असे विचारू नका, कारण स्वागतकक्षातील व्यक्ती त्याचे उत्तर सवयीने देते. त्याऐवजी असे सांगा : ‘घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाच्या आदेशासाठी तातडीचा अर्ज करायचा आहे, पोलिसांची आणि जीपीची नोंद उपलब्ध आहे, समोरच्या पक्षाला सॉलिसिटर आहे, या आठवड्यात कौटुंबिक विभागातील कोणाशी बोलता येईल?’ अशा तातडीच्या कामात करारधारक फर्मला एजन्सीच्या मंजुरीची वाट न पाहता स्वतःच लीगल एडचे तात्पुरते प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असतो. पुरावा तयार आहे हे कळल्यावर फोनवरचा सूर बदलतो. हे मी अनुभवाने सांगतो, कारण तो सूर बदलणारा मीच असे.

आणि फर्म आपल्याच गावातली असण्याची सक्ती नाही. शेजारच्या परगण्यातील, अगदी दूरच्या शहरातील फर्मही चालते. बराचसा सल्ला फोनवर किंवा व्हिडिओवर देता येतो. तुमच्या पिनकोडभोवतीचे वर्तुळ मोठे करा.

प्रतिसाद २ : दीपमाळ

पैलतीर यांनी फर्मच्या बाजूचे छान उलगडून सांगितले आहे. मी उत्पन्नाच्या चाचणीबद्दल थोडे लिहिते, कारण ‘आपण बसत नाही’ असा समज करून घेऊन लोक फोनच करत नाहीत, किंवा फोनवर चुकीची माहिती देऊन नकार ओढवून घेतात.

दिवाणी लीगल एडसाठी साधारणपणे महिन्याचे एकूण उत्पन्न २,६५७ पौंडांपेक्षा जास्त नसावे (चारपेक्षा अधिक मुले असल्यास ही मर्यादा वाढते), ठरलेल्या वजावटींनंतर हाती उरणारे उत्पन्न ७३३ पौंडांच्या आत असावे, आणि भांडवल ८,००० पौंडांच्या आत असावे. युनिव्हर्सल क्रेडिटसारखा लाभ मिळत असेल तर उत्पन्नाची तपासणी होत नाही, भांडवलाची मात्र होते. एरवी जोडीदाराचे उत्पन्न आपल्या उत्पन्नात मिळवले जाते. पण वाद त्या जोडीदाराशीच असेल तर ते मिळवले जात नाही. ही बाब मैत्रिणीला आवर्जून सांगा, कारण नवऱ्याचा पगार पाहून अनेक जणी आधीच माघार घेतात.

संरक्षणाच्या आदेशासाठी, म्हणजे येथे ज्याला नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर म्हणतात तो आदेश किंवा घराचा ताबा ठरवणारा आदेश यांसाठी, घरगुती हिंसाचाराच्या पीडितेच्या बाबतीत उत्पन्नाच्या व भांडवलाच्या वरच्या मर्यादा शिथिल करता येतात. परिस्थितीनुसार काही हप्ता भरावा लागू शकतो, एवढेच. मुलीच्या ताब्याच्या प्रकरणात मात्र ही सवलत नाही. तेथे मर्यादा लागू होतात, आणि त्यासोबत हिंसाचाराचा विहित नमुन्यातील पुरावा द्यावा लागतो. जीपीचे पत्र, पोलिसांच्या कारवाईची नोंद, आधीचा संरक्षण आदेश, आश्रयगृहाचे पत्र असे अनेक प्रकार त्यात चालतात. पूर्वी पाच वर्षांच्या आतलाच पुरावा चालत असे. ती अट जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. जीपीकडून पत्र मागताना नुसती ‘नोंद द्या’ अशी विनंती करू नका. सरकारी संकेतस्थळावर त्या पत्राचा नमुना आहे, तो छापून सोबत न्या. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे चांगले सविस्तर पत्र केवळ एक ठरावीक वाक्य नसल्यामुळे परत आले होते.

भारतातील फ्लॅटविषयी : भांडवलात जगात कोठेही असलेली मालमत्ता धरली जाते, त्यामुळे ती लपवण्याचा विचार मनातही आणू नये. ती मालमत्ताच ज्या दाव्यात वादाचा विषय असेल, त्या दाव्यासाठी तिच्यातील १,००,००० पौंडांपर्यंतचा हिस्सा दुर्लक्षित करता येतो. सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत फ्लॅटची कागदपत्रे दाखवावीत. आणि हेही लक्षात असू द्या की दाव्यातून मालमत्ता किंवा मोठी रक्कम हाती आली, तर लीगल एडचा खर्च त्यातून वसूल होऊ शकतो. अशा वेळी त्याचे स्वरूप कर्जासारखे होते, आणि फर्मने ते सुरुवातीसच समजावून सांगायला हवे.

प्रतिसाद ३ : साधासुधा

माझा विषय वेगळा आहे, पण फर्म न मिळण्याचा अनुभव अगदी हाच आहे, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी आजारपणात नोकरी गेली, भाडे थकले आणि घरमालकाने घर रिकामे करण्याची नोटीस पाठवली. आमच्या संपूर्ण परगण्यात घरांच्या विषयात लीगल एड देणारी एकही फर्म नव्हती. सर्वांत जवळची ज्या शहरात होती, तेथे जायचे तर दोन गाड्या बदलाव्या लागत. तिने सांगितले की पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत नवीन प्रकरण घेता येणार नाही. एका स्थानिक सल्लाकेंद्राने मला सहानुभूतीने पत्रके दिली. पत्रके उत्तम होती, पण न्यायाधीशासमोर पत्रक उभे राहत नाही.

मला जे तेव्हा कोणीच सांगितले नाही ते येथे नोंदवतो. १ ऑगस्ट २०२३ पासून घर जाण्याच्या धोक्यातील लोकांसाठी एक स्वतंत्र योजना सुरू आहे. इंग्रजीत तिचे नाव लांबलचक आहे. मराठीत ‘गृहहानी प्रतिबंधक सल्लासेवा’ म्हणू या. घर सोडण्याबाबत लेखी नोटीस हाती पडताच तिच्याखाली घर, कर्ज आणि लाभ यांविषयी मोफत सल्ला मिळू शकतो, आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या इमारतीत उपस्थित असलेला ड्यूटी सॉलिसिटर तुमची बाजू मांडतो. त्यासाठी उत्पन्नाची चाचणी नाही. मी हे सुनावणीच्या सकाळी कोर्टाच्या दरवाजावरील फलकावर वाचले. ज्या तरुण सॉलिसिटरबाईंनी माझे प्रकरण अर्ध्या तासात समजून घेतले, त्यांनी नोटिशीतील तारखेची चूक दाखवून दावा फेटाळून घेतला. त्या सकाळी त्यांच्या हातात माझ्यासारख्या नऊ जणांच्या फायली होत्या.

तर मुद्दा असा, की फर्म मिळत नाही म्हणून सुनावणीला न जाण्याची चूक कोणीही करू नये. अनेक जण करतात. त्या दिवशी यादीतील निम्मी नावे पुकारली गेली तेव्हा कोणी उभेच राहिले नाही.

प्रतिसाद ४ : तर्ककर्कश

सर्वांच्या भावना समजतात, परंतु थोडा व्यावहारिक विचारही व्हावा. फर्म हा व्यवसाय आहे; तोट्यातील काम त्यांनी घ्यावे ही अपेक्षा चुकीची आहे. अकरा ठिकाणी फोन करून जे मिळाले नाही, ते बाराव्या ठिकाणी मिळेल याच्या आशेवर राहण्यापेक्षा नातेवाइकांकडून हातउसने घेऊन खाजगी सॉलिसिटर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवऱ्याने अर्ज दाखल केला तर कोर्ट लीगल एड मिळेपर्यंत थांबणार नाही. शिवाय व्हिसाच्या भागासाठी आपल्या समाजात काही ‘कन्सल्टंट’ आहेत, ते सॉलिसिटरपेक्षा पुष्कळ कमी पैशांत अर्ज भरून देतात. मी एकाचा संपर्क व्यक्तिगत निरोपातून देऊ शकतो.

प्रतिसाद ५ : पैलतीर

तर्ककर्कश, फर्म हा व्यवसाय आहे हे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. मी वर तेच लिहिले आहे. उसने घेण्याबाबत एवढेच म्हणेन की कौटुंबिक दावा एका सुनावणीत संपत नाही. पहिल्या दोन हजार पौंडांत जेमतेम प्रस्तावना होते आणि खरा खर्च पुढे असतो. निम्म्या वाटेवर पैसे संपून एकट्याने उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. मात्र तातडी आहे ही तुमची सूचना रास्त आहे. नवऱ्याचा अर्ज दाखल झालाच आणि तोपर्यंत फर्म मिळाली नाही, तर मैत्रिणीने ठरलेल्या तारखेला हजर राहून लीगल एडसाठी प्रयत्न चालू असल्याचे न्यायाधीशांना सांगावे आणि केलेल्या फोनची यादी तारखांसह पुढे ठेवावी. रानजाईंनी ती यादी आधीच केलेली दिसते, ती जपून ठेवा.

कन्सल्टंटविषयीचे म्हणणे मात्र मी तसेच राहू देऊ शकत नाही. या देशात इमिग्रेशनविषयी सल्ला देणारी व्यक्ती एक तर सॉलिसिटरसारखी व्यावसायिक नियमनाखालील असावी लागते, नाही तर इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणीकृत असावी लागते. जानेवारी २०२५ पूर्वी ही संस्था वेगळ्या नावाने ओळखली जात असे. नोंदणीशिवाय असा सल्ला देणे हा गुन्हा आहे, मग तो देणारा आपला गाववाला असो की देवळातल्या ओळखीचा. चुकीच्या अर्जाचे परिणाम मात्र अर्जदाराला भोगावे लागतात.

मैत्रिणीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. घरगुती हिंसाचारामुळे वेगळ्या झालेल्या स्थलांतरित जोडीदारांसाठी तीन महिन्यांची एक सवलत आहे, तिच्यात सरकारी लाभ घेण्याची मुभा मिळते. फेब्रुवारी २०२४ पासून ती नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसाधारकांच्या जोडीदारांनाही खुली झाली. परंतु ती घेतली की आधीची परवानगी बदलते, आणि ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला त्यानंतर कायम वास्तव्याचा जो मार्ग असतो, तो नोकरदाराच्या जोडीदाराला नाही. तीन महिने संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर ठरल्याशिवाय त्या अर्जावर सही करू नये. कौटुंबिक शाखेची फर्म हा सल्ला देऊ शकेलच असे नाही, कारण करार विषयवार असतात. तेव्हा इमिग्रेशनसाठी स्वतंत्र, नोंदणीकृत सल्लागार शोधावा लागेल. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९७९ पासून काम करणारी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था अशा दुहेरी गुंत्याची चांगली जाणकार आहे. तेथून सुरुवात करावी असे मी सुचवेन.

फर्म शोधण्याचे आणखी दोन मार्ग राहून गेले. एक, लॉ सेंटर. ही ना-नफा तत्त्वावर चालणारी कायदा केंद्रे असतात, पहिले १९७० मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात निघाले. सगळ्यांकडे कौटुंबिक शाखा नसते, पण कोणती फर्म सध्या खरोखर काम घेते आहे हे त्यांना यादीपेक्षा अचूक माहीत असते. दुसरा, सरकारची सिव्हिल लीगल अॅडव्हाइस ही दूरध्वनीसेवा, ०३४५ ३४५ ४३४५. कर्ज, घर, शिक्षण आणि भेदभाव यांच्याशी संबंधित प्रश्नांसाठी ती प्रामुख्याने आहे. कौटुंबिक प्रश्न असेल तर पुढे कोठे जावे एवढे तरी ती सांगते.

(अवांतर : पोलिस ठाण्यात ताब्यात घेतलेल्या कोणालाही उत्पन्नाचा विचार न करता मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, आणि मुलांना सरकारी देखरेखीखाली घेण्याच्या कार्यवाहीत आईवडिलांनाही चाचणीविना लीगल एड मिळतो. वरची सगळी वणवण त्या प्रकरणांना लागू नाही. फौजदारी बाजूलाही ड्यूटी सॉलिसिटरांची संख्या घटते आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्या व्यवस्था स्वतंत्र आहेत, तेव्हा तेथील वाचकांनी हे आकडे धरून चालू नये.)

प्रतिसाद ६ : रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व.

झाले ते असे. पैलतीर यांनी दिलेली वाक्ये मी कागदावर लिहून काढली आणि वर्तुळ मोठे करून पुन्हा फोन सुरू केले. पाचव्या फोनवर, येथून सुमारे सत्तर मैलांवरील एका फर्ममधील केसवर्करने दुपारी परत फोन केला. ‘जीपीची नोंद आहे’ म्हटल्याबरोबर त्यांनी पत्राचा नमुना ईमेलने पाठवला. डॉक्टरांनी ते पत्र तीन दिवसांत दिले. त्यांतला पहिला दिवस स्वागतकक्षाला त्याचे शुल्क किती हे ठरवण्यात गेला. संरक्षणाच्या आदेशासाठीचा अर्ज तातडीच्या प्रमाणपत्रावर दाखल झाला आणि पहिला आदेश नवऱ्याला पूर्वसूचना न देता त्याच आठवड्यात मिळाला. मैत्रिणीला महिन्याला थोडा हप्ता भरावा लागेल की नाही हे अजून ठरायचे आहे. मुलीच्या बाबतीतला अर्ज नवऱ्याने केला आहे. त्यासाठीचे लीगल एड स्वतंत्रपणे मागितले आहे आणि दीपमाळ यांनी सांगितल्याप्रमाणे फ्लॅटची कागदपत्रे त्यांनी लगेच मागून घेतली.

व्हिसाचा भाग अजून सुटलेला नाही. साउथॉलच्या संस्थेशी एकदा बोलणे झाले आहे आणि सवलतीचा अर्ज तूर्त करू नये असा सल्ला मिळाला आहे. नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार मात्र लीगल एडवर मिळालेला नाही. सात ठिकाणी विचारून झाले. एकाने प्रतीक्षायादीत नाव घेतले आहे. कोणाच्या माहितीत मिडलंड्स किंवा उत्तरेकडील अशी एखादी फर्म किंवा लॉ सेंटर असेल, जे सध्या नवीन प्रकरणे खरोखर घेत आहे, तर कृपया येथे कळवावे. यादीतील नाव नको, ज्यांच्याकडे आपण स्वतः अलीकडे गेला आहात असे हवे.

तर्ककर्कश, तुमच्या निरोपाबद्दल आभार, पण तो संपर्क आम्ही वापरणार नाही.